सायप्रिनससाठी बटाट्याचा चारा: बाजारापासून गळापर्यंत

कणकेचा गोळा गळाला लावून धरणावर बसलेल्या प्रत्येकाची चिलापी या बारक्या माशाशी ओळख झालेली असते. चारा तळाला पोचून मिनिट होत नाही तोच दोरीला टुकटुक सुरू होते, आणि गळ वर काढावा तर धुऊन पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. पुन्हा गोळा, पुन्हा टुकटुक. अशात सकाळ निघून जाते आणि ज्याच्यासाठी आलो तो मोठा सायप्रिनस चाऱ्याजवळ यायच्या आधीच चारा संपलेला असतो. गांडुळाचंही तेच.

बटाटा लावायचं खरं कारण हे आहे. बटाट्याची चव माशाला फार भुरळ घालते असं मी म्हणणार नाही. पण नीट शिजवलेला बटाटा बारक्या माशांच्या टोचण्याला तासभर दाद देत नाही, तळाशी शांत पडून राहतो आणि मोठ्या तोंडाच्या माशाची वाट बघतो. यातला ‘नीट शिजवलेला’ हा शब्द महत्त्वाचा. नव्या माणसाचं बहुतेक सगळं तिथेच बिघडतं, म्हणून या लेखात मी चुलीपाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

हा चारा कोणत्या माशासाठी?

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मूळचा आपला नाही. त्याची आरशासारख्या मोठ्या खवल्यांची जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणली गेली आणि सगळ्या अंगावर खवले असलेली जात १९५७ मध्ये बँकॉकहून आली. ही दुसरी जात मैदानी, उबदार पाण्यात चांगली रुजली आणि आज आपल्या बहुतेक तलावांत, धरणांत ती सापडते. ओळखायला सोपा मासा आहे. अंग सोनेरी-तपकिरी, पाठीवरचा पर लांबच लांब आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना मिशांच्या दोन जोड्या.

त्याची खायची पद्धत लक्षात घेतली की पुढचं सगळं समजतं. तो तळाशी तोंड नळीसारखं पुढे काढतो, चिखलासकट घास ओढून घेतो, तोंडात चाळतो आणि नको ते थुंकून टाकतो. जबड्यात दात नाहीत. दात घशात असतात आणि तिथे तो धान्य, शिंपले भरडतो. पोट म्हणावं असा वेगळा भाग त्याला नसतो, घशातून घास थेट आतड्यात जातो. म्हणून तो थोडं थोडं पण सतत खातो. तळाशी पडलेला, मऊ पण एकसंध बटाटा त्याला अगदी सोयीचा.

मृगळही तळाशी चरतो, त्यामुळे तोही अधूनमधून लागतो. रोहू मधल्या थरातला, कधीतरी येतो. कटल्याची आशा धरू नका. त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरातलं बारीक शेवाळ, जीव गाळून खातो.

आधी परवानगी

आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. काठावर जाऊन संस्थेच्या माणसाला विचारा, पावती असेल तर घ्या. त्यांची जाळी कुठे लावली आहेत तेही त्याच वेळी कळतं. धरणाची भिंत, सांडवा, वीजगृह यांच्या जवळपास बसू नका. तिथे मनाई असते आणि पाणी कधी सोडतील याचा नेम नसतो. देहूचा इंद्रायणीचा डोह किंवा महाडजवळचा वाळणकोंड अशा ठिकाणी मासे देवाचे मानले जातात. तिथे गळ काढायचाही नाही.

पावसाळ्याचे पहिले दोन महिनेही सोडून द्या. रोहू, कटला, मृगळ त्या दिवसांत अंडी घालायला पाण्याच्या प्रवाहाकडे सरकतात. दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळतं आणि काठाशी थिरावतं. बटाट्याचा मोसम तिथून सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो.

बटाटा कुठला घ्यावा

मी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-खेडच्या पट्ट्यात गळ टाकतो. इथला सातगाव पठाराचा खरीप बटाटा प्रसिद्ध आहे, आणि मंचरच्या बाजारात बटाट्याला तोटा नसतो. डिंभे आणि चासकमान ही दोन्ही धरणं जवळच. म्हणजे चारा आणि मासा एकाच तालुक्याच्या आसपास.

बाजारात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, बटाटा पिठाळ आहे की चिकट. चिप्ससाठी लावतात तो कुफरी चिप्सोना पिठाळ असतो. त्यात पाणी कमी, पिठूळपणा जास्त. उकडला की फुटतो. कुफरी पुखराज पिवळसर आणि पाणीदार असतो, शिजल्यावरही फोड धरून ठेवतो. गळाला पुखराजसारखा, आणि मासे जमवायला पाण्यात टाकायच्या लाडवांना पिठाळ, अशी माझी वाटणी ठरलेली आहे. जातीचं नाव दुकानदाराला सांगता आलं नाही तर नवा, पातळ सालीचा, नखाने साल सुटणारा बटाटा घ्या. तोही चांगला टिकतो.

दुसरी गोष्ट आकार. सुपारीपेक्षा थोडा मोठा ते लिंबाएवढा. असा बारका माल वेगळा काढून स्वस्तात विकतात, पोत्याच्या तळाशीही सापडतो. अखंड बटाटा कापलेल्या फोडीपेक्षा नेहमी जास्त टिकतो. हिरवट पडलेले, मोड आलेले घेऊ नका. शीतगृहातून आलेला जुना बटाटा चवीला गोडूस लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होत जाते. घरात भाजीला तो आवडत नाही, पण माशासाठी ती गोडी चालते. फक्त तो लवकर मऊ पडतो हे लक्षात ठेवून चुलीवर वेळ कमी द्या.

चुलीवर

पहिल्यांदा मी घरचे कुकरमध्ये उकडलेले बटाटे घेऊन गेलो होतो. काठी मागे घेऊन फेकली की गळ एकीकडे आणि बटाटा दुसरीकडे. सहा बटाटे असे गेल्यावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आबांनी माझ्या डब्यातला एक बटाटा उचलला, बोटांत दाबला, तो चुरला.

“उपासाच्या भाजीला उकडलेत व्हय?” ते म्हणाले. “पोरा, कच्चट पायजे. आतून दाताला लागला पायजे.”

त्यांच्या डब्यातला बटाटा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वरून मऊ, ओलसर, साल न काढलेला. अंगठ्याने दाबला तर थोडा दबला आणि परत फुगला. नखाने कापून बघितला तेव्हा आत मधोमध शेंगदाण्याएवढा भाग पांढरा, अपारदर्शक, कडक होता आणि त्याच्या भोवतीचा सगळा गर पिवळसर, काचेसारखा झालेला. ते मधलं पांढरं टिपूस दिसलं पाहिजे. तेच गळाला धरून ठेवतं.

पूर्ण कच्चा बटाटा का नको, तर कच्चं पीठ माशाला नीट पचत नाही आणि कडक घास तो थुंकून टाकतो. पूर्ण शिजलेला का नको ते वर आलंच. मधली अवस्था गाठायची रीत अशी.

बटाटे धुवा, साल काढू नका. पातेल्यात गार पाणी घेऊन त्यातच बटाटे टाका. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर आधीच चिखल होतो आणि आतला कच्चा राहतो. पाण्यात चिंचेचं एक बुटुक टाका. स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही माहीत आहे की चिंच आधी पडली तर डाळ शिजायला हटून बसते. इथे आपल्याला तेच हवं आहे: आंबट पाण्यात बटाट्याची वरची कड घट्ट राहते, फुटत नाही.

आच मंद ठेवा. पाणी कोमटावरून उकळीपर्यंत जायला पंधरा-वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. या सावकाश तापण्यानेही बटाटा आतून घट्ट होतो. उकळी आल्यावर मात्र घड्याळाकडे बघा. सुपारीएवढ्याला चार-पाच मिनिटं, लिंबाएवढ्याला आठ ते दहा. ही वेळ अंदाजाची आहे, कारण बटाटा जुना-नवा, पातेलं जाड-पातळ यावर ती सरकते. खरी परीक्षा आगपेटीच्या काडीची. गूल नसलेल्या बाजूने काडी बटाट्यात टोचा. सहज आत गेली आणि मध्यावर पोचल्यावर अडली, की पातेलं खाली. काडी आरपार गेली तर तो बटाटा लाडवांसाठी बाजूला काढा. सालीतच शिरली नाही तर अजून दोन मिनिटं.

उतरवल्यावर लगेच गार पाण्यात टाका. हे टाळलं तर बटाटा स्वतःच्याच उष्णतेवर शिजत राहतो आणि दहा मिनिटांत ते मधलं टिपूस गायब होतं. निथळून पंचावर पसरा, साल हाताने अलगद ओढून काढा. जिथे सुटत नाही तिथे राहू द्या, माशाला तिचं काही वाटत नाही.

मग गोडवा. कपभर पाण्यात मूठभर गूळ विरघळवून ते गार झाल्यावर बटाटे त्यात बुडवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. यात दोन कामं होतात. गुळाचं पाणी वरच्या थरात मुरतं, आणि गार झालेला शिजका बटाटा आणखी घट्ट होतो. शिळा बटाटा परतायला सोपा का जातो, त्याचंही कारण हेच. म्हणून चारा नेहमी आदल्या दिवशी करा. वासासाठी चिमूटभर बडीशेप भरडून घालता येते. एका वेळी एकच वास ठेवा. पाच मसाले एकत्र करून नेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मासा कशाला आला, कशाने बिचकला हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

जागा लावणं

धरणातल्या माशाने बटाटा कधी पाहिलेला नसतो. सहलीची माणसं उरलंसुरलं पाण्यात टाकतात त्या काठाचे मासे लवकर शिकतात, बाकी ठिकाणी त्यांना शिकवावं लागतं. जमेल तर तीन-चार दिवस रोज संध्याकाळी एकाच ठिकाणी दहा-बारा फोडी टाका. रोज जाणं जमत नसेल तर निदान आदल्या संध्याकाळी तरी जा.

जागा कोणती, हे मे महिन्यात बघून ठेवायचं असतं. तेव्हा पाणी उतरलेलं असतं आणि बुडालेल्या शेतांचे बांध, जुना ओढा, गाडीवाट सगळं उघडं पडतं. फोनवर फोटो काढा. काठावरचं एखादं झाड किंवा मंदिर चौकटीत घ्या म्हणजे पाणी भरल्यावर अंदाज बांधता येतो. मासा जुन्या बांधाच्या कडेने फिरतो. हिवाळ्यात त्या बांधावर सहा ते दहा फूट पाणी असेल तर ती जागा पक्की समजा. पहाटे पाण्यावर बारीक बुडबुड्यांची माळ उठताना दिसली आणि तिथलं पाणी आजूबाजूपेक्षा गढूळ असलं तर खाली कुणीतरी चिखल चाळतंय.

लाडवांसाठी दोन वाट्या कुस्करलेला पिठाळ बटाटा, एक वाटी भिजवलेली शेंगदाणा पेंड, आणि गोळा वळेल इतका गव्हाचा किंवा भाताचा कोंडा. लाडू पाण्यात पडताना फुटता कामा नये, पण तळाशी गेल्यावर दहा मिनिटांत विरघळला पाहिजे. काठावरच्या उथळ पाण्यात एक टाकून बघा, मग कोंडा कमी-जास्त करा. पाच-सहा लाडू पुरतात. पातेलं भरून ओतलं तर मासा तिथेच पोट भरून निघून जातो आणि उरलेलं तळाशी कुजतं.

गळाला लावणं

सामान साधंच. नऊ-दहा फुटी काठी, ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा नायलॉन दोरा, तीस-चाळीस ग्रॅमचं भोक असलेलं शिसं, फिरकी (मुख्य दोरा आणि गळाचा दोरा जोडणारी फिरती कडी), आणि चार ते सहा नंबरचा मजबूत गळ. शिसं मुख्य दोऱ्यावर मोकळं सरकलं पाहिजे. फिरकीपासून गळापर्यंतचा दोरा फूटभर ठेवा, कारण मऊ चिखलात शिसं रुततं आणि दोरा आखूड असेल तर बटाट्यालाही सोबत नेतं.

आबांची पद्धत पोतं शिवायच्या दाभणाची. दोऱ्याला गळ बांधण्याआधी दाभणाने दोरा बटाट्यातून आरपार ओढायचा, मग गळ बांधायचा आणि दोरा मागे खेचून गळाचा दांडा बटाट्यात बसवायचा. वाकलेला भाग आणि टोक बाहेर. टोक बटाट्यात लपवू नका. झटका दिला तरी ते गर फाडून वेळेवर बाहेर येत नाही. गळाच्या बाकात ज्वारीच्या धांड्यातला पांढरा भुसभुशीत गर छोटा तुकडा करून अडकवला तर फेकताना दोरा बटाट्याला सुरीसारखा कापत नाही. एवढ्याशा तुकड्याने निम्मे बटाटे वाचतात.

दुसरी पद्धत इंग्लंडमधून आली. १९८० च्या आसपास लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी चारा गळावर न लावता गळामागे बारीक धाग्याला लटकवायला सुरुवात केली. आधी त्यांनी खरोखर डोक्याचा केस वापरला, म्हणून इंग्रजीतलं तिचं नाव केसावरूनच पडलं. मासा बटाटा ओढून घेतो, थुंकायला जातो आणि मोकळा गळ ओठात बसतो. करायला अवघड नाही. गळ बांधताना दोऱ्याचं चार-पाच सेंटीमीटर टोक मागे सोडा, त्याला छोटा फास द्या. क्रोशाची सुई बटाट्यातून घालून तिच्या आकड्यात फास पकडा, ओढून बाहेर काढा, आणि फासात काडीचा तुकडा अडकवा. बटाटा आणि गळाचा बाक यांत अर्धा ते एक सेंटीमीटर अंतर राहू द्या.

नव्या माणसाने सुरुवात दाभणाने करावी असं माझं मत आहे. तीत बटाटा बरोबर शिजला की नाही हे पहिल्याच फेकीत कळतं.

फेकणं आणि थांबणं

बटाटा झोकात फेकायचा नाही. काठी बाजूला घेऊन, झोपाळा सोडावा तसा खालून संथ झोका द्या. वीस-पंचवीस पावलं पुरे. बांध जवळ असेल तर तेवढंही नको. दोरा ताणून घ्या, मग बोटभर सैल सोडा. काठीच्या शेंड्याला घुंगरू बांधा आणि काठी दगडांत नीट अडकवा. रिळाचा ब्रेक सैल पाहिजे. मोठा सायप्रिनस पहिल्या धडकेत काठीच पाण्यात ओढतो. माझ्या डोळ्यांसमोर एका मित्राची नवी काठी अशी गेली. तो तेव्हा चहा ओतत होता.

आता हात आवरा. घुंगरू हलकं किणकिणत राहील, ती चिलापी. तिला टोचू द्या. अर्धा तास गळ वर काढू नका. खरा मासा आला की दोरा एकदम ताठ होऊन सरळ जातो, किंवा उलट, ताणलेला दोरा अचानक ढिला पडून खाली लोंबतो. म्हणजे मासा काठाकडे येतोय. नवखे लोक हा ढिला दोरा ओळखत नाहीत, वारा समजून बसून राहतात. दाभणाच्या पद्धतीत अशा वेळी ढील गोळा करून ठाम झटका द्या. केसाच्या पद्धतीत मासा स्वतःच अडकलेला असतो, काठी नुसती उचला.

मग घाई नको. काठी उंच ठेवा, मासा पळेल तेव्हा रीळ सोडा, थांबेल तेव्हा गुंडाळा. ओठ मांसल असतो, पण जोर केला तर फाटतो. काठाशी आल्यावर तो एकदा तरी पुन्हा उसळी घेतोच, त्या क्षणी ब्रेक घट्ट असू नये. हातजाळी आधी पाण्यात धरून मासा तिच्यावर आणा. जाळी घेऊन त्याच्या मागे धावू नका.

सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. पोट फुगलेली, दाबल्याशिवायच अंडी गळणारी मादी असेल तर ती सोडाच. साधारण जानेवारी ते मार्चमध्ये अशा माद्या जास्त दिसतात, कारण सायप्रिनस साचलेल्या पाण्यातल्या वनस्पतींना अंडी चिकटवतो, त्याला पुराची गरज पडत नाही. उभ्या पाण्यात तिला दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा, कल्ले नीट चालू लागले की ती स्वतःच हातातून निसटते.

घरी नेला तर एक सूचना. तळाशी चरणाऱ्या माशाला चिखलाचा वास असतो. साफ केल्यावर तुकड्यांना मीठ-हळद आणि कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवा, वास बराच उतरतो. चेक प्रजासत्ताकात नाताळच्या आदल्या रात्री तळलेला कार्प आणि सोबत बटाट्याचं सॅलड हे ठरलेलं जेवण आहे. आमच्याकडे भाकरी असते.

उरलेले बटाटे गुळाच्या पाण्यात फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहतात. चौथ्या दिवशी पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो. ते गळाला लावू नका, हातात विरघळतात. कुस्करून पुढच्या वेळच्या लाडवांत घाला; तो आंबूस वास सायप्रिनसला चालतो.